लेकीची बंदूक आणि माझ्याकडची किल्ली

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार. दुपारच्या टपालात दोन पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक माझ्या चौदा वर्षांच्या लेकीच्या नावाचं. दोन्हींत शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे साध्या भाषेत, छर्रे भरलेली काडतुसं उडवणाऱ्या बंदुकीचा परवाना. अर्ज भरायला बसलो होतो ८ मार्चला.

मधल्या सहा महिन्यांत यावर मराठीत कुणी काही लिहिलंय का, हे मी कितीतरी रात्री शोधलं. इंग्रजीत भरपूर सापडतं. पण ते बहुतेक अशा घरांसाठी लिहिलेलं असतं जिथे पणजोबांपासून बंदुका आहेत आणि रविवारी सगळे मिळून शिकारीला जातात. आमच्या पिढीत कुणी बंदूक हातात धरलेली नाही, वर्षातले काही महिने सासूबाई भारतातून राहायला येतात, आणि घरात कपाटाची किल्ली कुठे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा घरासाठी मला काहीच मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. आम्ही इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका गावात राहतो. खालचं सगळं इथल्या नियमांप्रमाणे आणि २०२५ सालचं आहे. भारतात कायदा वेगळा: १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं शस्त्र बाळगता येत नाही, प्रशिक्षणासाठी तेवढी वेगळी तरतूद आहे. तिकडच्या पालकांनी हे वाचून इथला हिशेब तिथे लावू नये.

सुरुवात टीव्हीपासून झाली. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. ३० जुलैला ब्रिटनच्या नेथन हेल्सने ट्रॅपमध्ये, म्हणजे शॉटगनने हवेतली चकती फोडायच्या एका प्रकारात, सुवर्ण मिळवलं. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा घरात आरडाओरडा झाला. ४ ऑगस्टला ब्रिटनच्याच अँबर रटरला स्कीट या चकत्यांच्याच दुसऱ्या प्रकारात रौप्य मिळालं. तिचं बाळ तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी स्कीटच्या मिश्र स्पर्धेत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांचं कांस्य एका गुणाने हुकलं. लेक त्या आठवड्यात सोफ्यावरून हलली नाही. रायफल तिला आवडली, पण तिचा जीव जडला तो हवेत उडणाऱ्या केशरी चकतीवर. सुट्टी संपली की विसरेल असं मला वाटलं होतं. ती विसरली नाही.

सप्टेंबरात गावापासून चाळीस मिनिटांवरच्या एका शूटिंग ग्राउंडवर पहिला धडा घेतला. ६० पौंडांत शिकवणारे, बंदूक, काडतुसं आणि २५ चकत्या. याला क्ले शूटिंग म्हणतात. नाव मातीचं असलं तरी चकती डांबरासारख्या पदार्थात खडूची पूड मिसळून केलेली असते, साधारण ११ सेंटिमीटर रुंद. यंत्र ती भिरकावतं, आणि ‘पुल’ म्हणायचा अवकाश, विचार करायला वेळच उरत नाही.

कोचनी बंदूक हातात देण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, बंदूक उघडी म्हणजे मधून दुमडलेली ठेवून कशी धरायची ते दाखवलं. उघडी बंदूक सगळ्यांना दिसते आणि तिच्यातून बार उडू शकत नाही. दोन, लेकीला दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबच्या झाडाकडे बघायला लावलं. ती उजवखोरी, पण तिचा नेम धरणारा डोळा निघाला डावा. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावला. त्यानंतर २५ पैकी ६ फुटल्या. मुलांना पहिल्या धड्याला नेलंत तर डोळ्याची तपासणी आधी करून घ्या. ती न करता दोन-तीन धडे घेतलेली आणि ‘मला जमतच नाही’ म्हणून रडवेली झालेली मुलं आम्ही नंतर पाहिली. बंदूकही १२ बोअरची नको, २० बोअरची मागा (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक). ती हलकी असते, हलक्या काडतुसांनी धक्काही कमी बसतो.

इथपर्यंत परवाना लागलाच नाही. इथल्या कायद्यात सोय आहे: पोलिसांनी मंजूर केलेल्या ग्राउंडवर, मंजूर वेळेत, कृत्रिम लक्ष्यांवर कुणीही परवान्याशिवाय शॉटगन चालवू शकतं. पाच महिने आम्ही याच सवलतीवर होतो. पण प्रत्येक ग्राउंडकडे ही मंजुरी असेलच असं नाही, आणि बंदूक घरी आणायची तर परवाना हवाच. फेब्रुवारीत लेक १०० पैकी साठाच्या वर फोडायला लागली, आणि कोच म्हणाले की आता तिला तिच्या मापाची बंदूक हवी. दर वेळी भाड्याने वेगळी बंदूक मिळते, तिचा दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग लांब, त्यामुळे लेकीचा गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो.

नियम त्यांनीच बसवून समजावले. ते मी वहीत लिहून घेतले होते, तसेच इथे देते. शॉटगन सर्टिफिकेटला किमान वयाची अट नाही, हे ऐकून मी दचकले होते. पण वयाप्रमाणे हात बांधलेले आहेत. १५ च्या खाली असेल तर सगळे भाग जोडून तयार असलेली बंदूक जवळ बाळगताना २१ वर्षांवरचं माणूस देखरेखीला हवंच, नाहीतर बंदूक अशा घट्ट बंद आवरणात हवी की ती उडवताच येऊ नये. १५ च्या खालच्या मुलाला बंदूक किंवा काडतुसं भेट देणं हा गुन्हा आहे. १५ झाल्यावर भेट घेता येते. विकत मात्र बंदूकही नाही आणि काडतूसही नाही, १८ पूर्ण होईपर्यंत.

मग मी विचारलं, बंदूक घरी राहणार, तर किल्ली कुणाकडे? कोच म्हणाले, तिथेच खरी अडचण आहे. मुलीकडे परवाना आणि आईबापांकडे नाही, अशा घरात कायद्याने त्या बंदुकीपर्यंत पोचायचा हक्क फक्त मुलीला. पालकाने परवाना घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण एकटी चौदा वर्षांची मुलगी किल्ली सांभाळणार हे पोलिसांना पटवणं कठीण. मला तर ते अजिबातच पटत नव्हतं. घरी बोललो. नवऱ्याला या खेळात रस नाही. म्हणून ठरलं की लेकीबरोबर मीही अर्ज करायचा. ४४ व्या वर्षी बंदुकीचा परवाना मागेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. कोचकडून मीही चार धडे घेतले. ज्या वस्तूची किल्ली मी सांभाळणार ती उघडायची कशी, रिकामी आहे हे तपासायचं कसं, हे मला यायलाच हवं होतं.

आमचा मुहूर्त महागाचा निघाला. ५ फेब्रुवारी २०२५ पासून नव्या शॉटगन सर्टिफिकेटचं शुल्क साडेएकोणऐंशी पौंडांवरून १९४ पौंड झालं होतं. दोघींचे मिळून ३८८. हे पाच वर्षांसाठी असतं, आणि नूतनीकरण १२६ ला पडतं.

८ मार्चच्या शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज उघडला. फॉर्म २०१. नाव, पत्ते, फोटो, नोकरी. तेव्हाच्या नियमाने शिफारस करणारं एक माणूस लागलं: ब्रिटनमध्ये राहणारं, तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारं, नात्यातलं नाही, पोलीस खात्यातलं नाही, बंदुकांचा व्यापारी नाही. माझ्यासाठी ऑफिसातली मैत्रीण तयार झाली. लेकीसाठी तिच्या पोहण्याच्या बाई. त्या तिला सहा वर्षं ओळखतात. अठराच्या खालच्या अर्जदाराला पालकाच्या संमतीची सही लागते, ती मी केली. कुठलीही जुनी शिक्षा झालेली असेल, कितीही वर्षं लोटली असली, तरी ती लिहावीच लागते.

तासाभरात आम्ही तब्येतीच्या पानावर पोचलो, आणि माझा हात थांबला.

नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, फिट्स, दारू, अमली पदार्थ. यांपैकी काही कधी झालं होतं का? २०१९ मध्ये माझे वडील गेले. मी इथे, ते सांगलीत. तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आठ महिने मी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या. घरात हे नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं, लेकीला नव्हतं. नवरा काळजीने म्हणाला, “सहा वर्षं झाली. आता पूर्ण बरी आहेस. नको लिहूस, उगाच नाकारतील.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मलाही तेच वाटत होतं. लेकीचा अर्ज माझ्यामुळे अडकेल ही भीती सगळ्यात मोठी होती. दोन दिवस अर्ज तसाच पडून राहिला.

त्या दोन रात्री मी प्लिमथबद्दल वाचलं. १२ ऑगस्ट २०२१ ला तिथल्या कीहॅम भागात एका परवानाधारकाने शॉटगनने पाच जणांचा जीव घेतला. त्यात एक मुलगी तीन वर्षांची होती. त्या माणसाची बंदूक आणि परवाना मारहाणीच्या तक्रारीनंतर काढून घेतलेले होते, आणि घटनेच्या काही आठवडे आधी परत दिलेले होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून नियम झाला की डॉक्टरची माहिती आल्याशिवाय परवाना नाही. अर्जातला जो रकाना मला आडवा आलेला वाटत होता, तो का आहे हे वाचल्यावर खोटं लिहायचा प्रश्नच उरला नाही. शिवाय परवान्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मी सगळं लिहिलं: साल, कारण, गोळ्यांचं नाव, कधी थांबवल्या. आणि सही करण्याआधी लेकीला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, “आई, मला आठवतंय. तू तेव्हा रोज लवकर झोपायचीस.” मुलांना किती कळत असतं.

डॉक्टरचं पत्र हा या प्रवासातला सगळ्यात संथ टप्पा. पोलिसांचा एक ठरावीक नमुना असतो, तो डॉक्टरने तुमच्या नोंदी बघून भरायचा. ही सरकारी आरोग्यसेवेतली फुकट सेवा नाही. दर डॉक्टर स्वतः ठरवतात, आणि हे काम करायचं नाही असं एखाद्या डॉक्टरने म्हटलं तर त्यांच्यावर सक्ती नाही. मग खासगी डॉक्टरकडून, तुमच्या नोंदींची प्रत देऊन, करून घ्यावं लागतं. आमच्या दवाखान्याने प्रत्येकी ८५ पौंड घेतले. १७ मार्चला कागद दिले, त्यानंतर दोनदा ‘टेबलावर आहे’ हे उत्तर, आणि पत्र हातात आलं २५ एप्रिलला. अर्ज भरायला बसण्याआधीच दवाखान्यात फोन करून ते हे करतात का, किती दिवस लागतात आणि किती घेतात, हे विचारून ठेवा. आमचा एक महिना त्यामुळे वाचला असता.

डॉक्टर तुमच्या नोंदीवर, या व्यक्तीकडे परवाना आहे, अशी खूण ठेवतात. पुढे तब्येतीत काळजीचं काही घडलं तर त्यांना पोलिसांना कळवता येतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, म्हणजे उद्या मला परत तसं वाटायला लागलं तर तुमच्याकडे यायचं की नाही? त्या म्हणाल्या, यायचंच. उपचार घेणारं माणूस धोक्याचं असं कुणी धरत नाही. लपवणाऱ्याची काळजी वाटते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या ओळखीत या भीतीने डॉक्टरकडे न जाणारे लोक आहेत, बंदुकीचा संबंध नसतानाही.

२९ एप्रिलला दोन्ही अर्ज ऑनलाइन पाठवले. दुसऱ्या दिवशी पोच आली, आणि मग शांतता. वेगवेगळ्या भागांतल्या पोलिसांना वेगवेगळा वेळ लागतो. कोचच्या ओळखीत कुणाला तीन महिने लागले होते, कुणाला वर्ष. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. जूनमध्ये आम्हाला लेकीचा फोटो पुन्हा मागितला, तो पाच मिनिटांत पाठवता आला.

या काळात कपाट घेतलं. परवाना मिळण्याआधी कपाट असलंच पाहिजे असं नाही, पण घरी तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते जागेवर दिसलेलं बरं, असं सगळे सांगतात. कायदा म्हणतो ते एवढंच: परवाना नसलेल्या माणसाचा हात बंदुकीपर्यंत पोचणार नाही अशा सुरक्षित रीतीने ती ठेवायची. व्यवहारात याचा अर्थ बीएस ७५५८ या ब्रिटिश मानकाचं पोलादी कपाट, आतून बोल्ट मारून पक्क्या भिंतीला जखडलेलं. कपाट १९० पौंडांना मिळालं. भिंत मिळेना. इथल्या घरांत आतल्या कित्येक भिंती म्हणजे लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला प्लास्टरबोर्ड, बोटाने ठोकली तर पोकळ वाजते. तिच्यात बोल्ट मारले तर कपाट भिंतीसकट उखडून नेता येईल. विटांची भिंत हवी, आणि जागा अशी हवी की दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला किंवा मीटर बघायला आलेल्याला दिसू नये. गॅरेज शक्यतो नको. कारागिराने ६० पौंड घेऊन चार बोल्ट मारले. आमच्या घरात ती जागा कुठे आहे हे मी लिहीत नाही, आणि तुम्हीही कुठे लिहू नका. फोटोसुद्धा टाकू नका, मागे काय दिसतं त्यावरून खोली कळते.

एप्रिलच्या शेवटी सासूबाई आल्या होत्या. कपाट बघून त्यांनी काहीच विचारलं नाही. दोन दिवसांनी भाजी निवडताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. कुडाळजवळच्या त्यांच्या माहेरी ठासणीची बंदूक होती, भातशेतीत रानडुकरं आणि माकडं येत म्हणून शेतीच्या रक्षणासाठी परवाना घेतलेली. बंदूक माडीवर दाराआड टेकवलेली असायची. निवडणूक जाहीर झाली की त्यांचे वडील ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणत, आणि ती पावती देवाच्या फोटोमागे राही. “बंदूक म्हणजे खेळणां नाय गो,” त्या म्हणाल्या. मग नातीला जवळ घेऊन त्यांनी दस्ता खांद्याला कुठे टेकवतात ते विचारलं. मला वाटत होतं त्यांची समजूत घालावी लागेल. प्रत्यक्षात सगळ्या घरात बंदुकीची सवय असलेलं माणूस त्याच एकट्या होत्या.

२२ जुलैला, मंगळवारी सकाळी दहाला, पोलिसांच्या परवाना विभागातले अधिकारी आले. पन्नाशीचे, हातात वही, बूट दारात काढू का असं विचारणारे. पावणेदोन तास बसले. त्या भेटीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, म्हणून ती जशी झाली तशी सांगते.

आधी लेक. मी शेजारी बसले होते, पण उत्तरं तिनेच द्यायची होती. ग्राउंडवर बंदूक हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कुठली करतेस? (उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का बघते.) काडतूस उडालं नाही तर? (नळी मैदानाकडेच धरून थांबते, हात वर करते.) शाळेत हे कुणाला सांगितलंयस? इथे ती अडखळली. दोन मैत्रिणींना माहीत होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, खेळ सांग, पदकं सांग, पण बंदूक घरी असते हे सांगू नकोस. तुझ्या मैत्रिणी चांगल्या असतील, त्या कुणाला सांगतील ते तुला माहीत नाही. त्यांनी तिला असंही विचारलं की कुणी चिडवतं का, झोप लागते का, कधी फार राग आला तर काय करतेस. प्रश्न साधे होते, पण ती उत्तर देत असताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग मी. २०१९ चा विषय त्यांनी लगेच काढला, आणि आवाज न बदलता. काय झालं होतं, कोण सोबत होतं, परत तसं वाटलं तर पहिला फोन कुणाला कराल. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, तसं झालं तर आम्हालाही फोन करा, बंदूक काही दिवस दुसरीकडे ठेवण्याची व्यवस्था होऊ शकते, त्याने परवाना आपोआप जात नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मार्चमधल्या त्या दोन रात्री मी झोपले असते.

नवऱ्याला त्यांनी एकट्याला दुसऱ्या खोलीत विचारलं. नंतर त्यानेच मला सांगितलं: घरात शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं, हा एक प्रश्न होता. त्याने खरं सांगितलं, पुण्यातला फ्लॅट विकायचा की नाही यावरून, फेब्रुवारीत, तीन दिवस अबोला. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. आता विकला का, असं विचारलं. अजून नाही.

सासूबाईंनी चहा दिला. त्या किती दिवस राहणार, आणखी कोण येऊन राहतं, लहान मुलं येतात का, हे सगळं वहीत गेलं.

शेवटी कपाट. त्यांनी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं. हललं नाही. मग विचारलं, किल्ली कुठे ठेवणार? मी मोठ्या विश्वासाने सांगितलं, देवघराच्या खणात. माझ्या आईची किल्ली तिथे असायची, सासूबाईंची तिथे असते. ते म्हणाले, “या घरात हे आणखी कुणाला माहीत आहे?” सगळ्यांना. ते नुसते बघत राहिले, आणि मला उत्तर कळलं. परवाना नसलेल्या कुणालाही किल्ली कुठे आहे हे माहीत असता कामा नये. माझ्या नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही. मग ते म्हणाले, आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी घ्या, त्यात किल्ली ठेवा, आकडा वाढदिवसाचा किंवा घराच्या नंबरचा नको, आणि सुटी जादा किल्लीही तिथेच हवी, स्वयंपाकघराच्या खणात नाही. लेकीला परवाना मिळाला तरी अठरापर्यंत किल्ली तुमच्याकडेच राहू दे, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, त्यासाठीच तर मी अर्ज केलाय.

काडतुसांचंही विचारलं. रायफलच्या गोळ्यांइतका कडक नियम शॉटगनच्या काडतुसांना नाही, पण तीही कोरड्या जागी, कुलपात, बंदुकीपासून वेगळी ठेवा म्हणाले. आम्ही तसंच करतो.

ते गेल्यावर नवऱ्याशी लग्नानंतर पहिल्यांदा मी एक गोष्ट ठरवून लपवली. पेटी आणली, ती मी एकटी घरात असताना बसवली. तो त्यावर कधीच काही विचारत नाही, आणि त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं. सासूबाईंनीही देवघराच्या खणात हात घालून कधी बघितलं नाही.

ऑगस्ट पूर्ण वाट बघण्यात गेला. स्पर्धेची एक तारीख चुकली. लेक रडली, मीही चिडले, पण परवाना विभागाला रोज फोन करून काही होत नाही. मी एकदा ईमेल केला, चौथ्या दिवशी उत्तर आलं की अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. मग १८ सप्टेंबर. सर्टिफिकेटवर शाईच्या पेनाने सही करायची असते. लेकीची सही अजून ठरलेली नव्हती. रफ वहीच्या मागच्या पानावर तिने वीसेक वेळा गिरवली आणि मग केली.

२७ सप्टेंबरला बंदूक घेतली. वापरलेली, २० बोअरची, एकावर एक नळी असलेली, ७२० पौंड. दुकानदाराने माझं सर्टिफिकेट तपासलं, त्यावर बंदुकीचा नंबर चढवला. असा व्यवहार झाला की सात दिवसांत पोलिसांना कळवावं लागतं. मी त्याच संध्याकाळी कळवलं. लेक तेव्हा १५ ची नव्हती, म्हणून बंदूक माझ्याच नावावर घेतली. परवानाधारकाने परवानाधारकाला ७२ तासांपर्यंत बंदूक वापरायला दिली तर पोलिसांना कळवावं लागत नाही, त्यामुळे शनिवारच्या सरावाला अडचण आली नाही. दस्ता तिच्या मापाने कापून घेतला. कापलेला तुकडा जपून ठेवलाय, ती वाढतेय, वर्षभरात परत जोडावा लागेल. नवी बंदूक घेऊ नका, या वयात.

गाडीतून नेताना बंदूक आवरणात, डिकीत, बाहेरून दिसणार नाही अशी. वाटेत थांबावंच लागलं तर नळीखालचा पुढचा लाकडी भाग काढून माझ्या पिशवीत घेते. त्याच्याशिवाय बंदूक नीट जोडता येत नाही. पण खरं म्हणजे आम्ही थांबतच नाही. डबा घरून नेतो, थेपले आणि लोणचं, ग्राउंडवर खातो.

९ नोव्हेंबरला ती १५ ची झाली. तो रविवार होता. केक कापून झाल्यावर मी तिच्या सर्टिफिकेटवर बंदुकीची नोंद भरली, माझ्याकडून तिला भेट म्हणून, आणि दोघींनी बसून पोलिसांना कळवलं. कायद्याने ती आता तिची आहे. ऑक्टोबरात भारतात परतलेल्या सासूबाई फोनवर होत्या. त्यांनी विचारलं, पावती मिळाली का? लेकीने सर्टिफिकेट कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि नंबर दिसायला लागल्यावर मी ते खाली करायला लावलं.

शनिवारी सकाळी आठला ती तयार होऊन जिन्यात येते आणि म्हणते, “आई, किल्ली.” मग ती बाहेर जाऊन गाडीत बसते, नवरा पेपर घेऊन बागेकडच्या खोलीत जातो, आणि मी पेटी उघडते.